भिंतीवरची गोवरी

होटगीपासून दोन मैलांवरच्या त्या वस्तीत गोजरबाईंच्या घरातून काय वाया जातं, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर एकच होतं, चुलीचा धूर. आणि त्यातही थोडा कडुलिंबाचा पाला टाकून त्या डास हाकलून घ्यायच्या. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भांड्यांचं अळूला, न्हाणीचं केळीला. चिंचेचा कोळ आमटीत गेला की उरलेला चोथा तांब्याच्या हंड्याला. शेंगा फोडल्या की दाणे चटणीला, टरफलं चुलीला, चुलीतली राख भांड्यांना, आणि भांडी घासून उरलेली राख वांग्याच्या पानांवर, मावा पडू नये म्हणून. शिळ्या भाकरीचा कुटका तर त्या लसूण घालून असा परतायच्या, की घरातली माणसं रात्रीची भाकरी मुद्दाम उरवायची.

अशा घरात निवेदिता सून म्हणून आली आणि तिसऱ्याच दिवशी तिनं दोडक्याच्या शिरा उकिरड्यावर टाकल्या.

झालं! आता तुम्ही म्हणाल, शिरा त्या, त्यात एवढं काय? पण दोडका सोलताना निघणाऱ्या त्या खरबरीत शिरा तिळाबरोबर खमंग भाजून चटणी करतात, हे सोलापुरात भवानी पेठेत वाढलेल्या या पोरीला माहीत नव्हतं, असंही नाही. तिच्या आईला भाजायचा कंटाळा, एवढंच. गोजरबाईंनी मात्र तो प्रकार वस्तीभर केला. "शिरा टाकल्या म्हनं! अगं, चटनीच्या शिरा!" असं त्या दोन वर्षं सांगत होत्या. लग्नकार्यात, दळणाच्या रांगेत, रेल्वेच्या डब्यात अनोळखी बाईलासुद्धा. निवेदिताचं नावच पडलं, उधळी. घरात काडेपेटी सापडेनाशी झाली तरी सगळे आधी तिच्याकडे बघायचे.

खोटं कशाला बोला, निवेदिताला ते लागलं होतं. नवरा अभिमन्यू होटगी स्टेशनात ड्यूटीला, तो म्हणायचा, "आई तशीच आहे, मनावर घेऊ नको." पण घ्यायचंच होतं तिला मनावर. सासूच्या तोंडून एकदा तरी "पोरगी शहानी हाय" एवढं ऐकायचं, या एकाच हट्टाला ती पेटली होती.

संधी आली पाडव्यानंतर. गोजरबाईंच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिच्या मदतीला त्या तीन आठवड्यांसाठी कुर्डुवाडीला निघाल्या. सूचना सुरू झाल्या त्या आदल्या सकाळपासून. लोणच्याच्या बरणीला ओला हात लावायचा नाही, म्हशीला सरकी भिजवूनच, मिरच्या वाळल्या की देठं वेगळी. गाडी हलली तरी खिडकीतून आवाज येतच होता. "आन् त्या कोतमिरीचे देठ...!" पुढचं गाडीनं नेलं.

त्याच दिवशी निवेदितानं गॅसच्या शेगडीवर जुन्या साडीचा तुकडा झाकला आणि ठरवलं, सासू येईपर्यंत याला हात लावायचा नाही. स्वयंपाक चुलीवर, अंघोळीचं पाणी चुलीवर, चहाही चुलीवर. मग काय विचारता! शिरांची चटणी झाली. दुधीच्या सालींची झाली. कोथिंबिरीच्या देठांची झाली. कलिंगडाच्या सालीतला पांढरा भाग किसून थालीपीठ झालं. सासरे रामहरी जन्मभर रुळांवर गँगमनकी करून आता बाजेवर बसायला मोकळे झालेले. तोंडात तंबाखू, डोळे अर्धे मिटलेले, पण दिसायचं सगळं. आठव्या दिवशी ते म्हणाले, "पोरी, चटन्या लई झ्याक झाल्या. पर आता माज्या वहाना जरा उचलून ठेव. त्याचीबी करशील."

"काहीतरीच काय, मामा!" ती हसली. पण त्या रात्री फोनवर नवऱ्याला मात्र तिनं मोठ्या ताठ्यानं सांगितलं, की शेगडी तीन आठवडे थंड राहणार आहे, बघच.

बाराव्या दिवशी गोवऱ्या संपल्या. महिनाभर पुरायच्या त्या गोवऱ्या हिनं गॅस वाचवायच्या नादात बारा दिवसांत फुंकल्या, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते, मामा अंघोळीला बसायच्या तयारीत होते आणि चुलीत जाळ विझत चालला होता. शेगडीवरचं फडकं काढायचं? छे! मग हट्ट कसला? ती कोठी, गोठा, परसू पालथं घालून पडवीत आली आणि तिला दिसली, वर वाशाखाली भिंतीला थापलेली एकुलती एक गोवरी. जाड, गोल, मस्त खडखडीत वाळलेली.

"आत्या विसरल्या की ही! वाया गेली असती ना," असं स्वतःशी म्हणत तिनं जळमटं काढायच्या काठीनं ती खरवडून पाडली आणि चुलीत सारली.

थोड्या वेळानं चुलीतून आवाज यायला लागला. फट्. फट् फट्. फट्.

"काय गं?" न्हाणीतून रामहरींनी विचारलं. "मोहऱ्या टाकल्यास काय चुलीत? कुनाची दिष्ट काडतीस?"

"गोवरी ओलसर असेल, मामा."

पाणी मात्र कडकडीत तापलं. असलं पाणी बऱ्याच दिवसांत अंगावर घेतलं नव्हतं म्हणत मामा समाधानानं बाजेवर बसले.

दुपारी कुर्डुवाडीहून फोन आला. "म्हस दूध देती का? बरं. मिरच्यांचे देठ काडले का? बरं. आन् त्या पडवीतल्या गोवरीला वाळवी लागली न्हाय न्हवं? वर, वाशाखाली."

"कुठली गोवरी, आत्या?"

"अगं, दोडक्याचं बी हाय त्यात! शेनात राख घालून थापलंय, किडा लागू नये म्हनून. दरसाली थापती, कुनी बगत नसताना. माज्या आज्जीच्या हातचं बी ते, लगनात पदराला बांदून आनलं. आता आकितीला आळ्यात टोचायचं. सांग की, हाय ना नीट?"

"आहे, आहे. अगदी व्यवस्थित आहे, आत्या." ती इतक्या सहज खोटं बोलली की तिची तिलाच लाज वाटली.

या दोडक्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला तिचा घाम कळायचा नाही. दोडक्याचा भरवसा नसतो. दिसायला हिरवागार, आणि मधेच एखादा असा कडू जहर निघतो की अख्खी कढई म्हशीपुढे ओतावी लागते, आणि म्हैसही तोंड फिरवते. गोजरबाईंचा दोडका मात्र चाळीस वर्षांत एकदाही कडू निघाला नव्हता. हातभर लांब, देठाशी जरासा वाकडा. कोवळे दोडके त्या सढळ हातानं वाटायच्या. बी मात्र कुणाला नाही. सख्ख्या लेकीलाही नाही. "भाजी माग, बी मागू नगं," हा त्यांचा कायदा होता. म्हणजे जगाच्या पाठीवर ते बी एकाच ठिकाणी होतं, पडवीत वाशाखाली. आणि ते आज सकाळी मामांच्या अंघोळीला लागलं.

निवेदिता पळत चुलीकडे गेली. राख उपसली आणि चाळायला घेतली ती पिठाच्या चाळणीनं. हाताला लागल्या फुटलेल्या, कोळसा झालेल्या टरफलांच्या पापड्या. शाबूत बी एकही नाही. तिला तिथंच रडू फुटलं. उधळी म्हणून घेणं परवडलं असतं, पण आज्जीच्या हातचं बी जाळणारी सून म्हणजे आता सात पिढ्यांची बदनामी.

बाजेवरून आवाज आला, "म्या काय बगितलं न्हाय. पर ती चाळनी धू."

चार दिवसांनी आठवडी बाजार आला तेव्हा ती बाजाराला म्हणून गेली आणि बियाण्याच्या दुकानातून दोडक्याचं पाकीट घेऊन आली. घरी येऊन फोडलं तर बिया गुलाबी! औषध चोळलेल्या, चक्क बारशातल्या बत्ताशांच्या रंगाच्या. तिनं तीन पाण्यांनी धुतल्या. बिया फिक्या गुलाबी झाल्या आणि हात पक्के गुलाबी. मग तिनं तव्याची काजळी आणून त्या एकेक रंगवायला घेतल्या. रामहरी बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "टोचशील. उगवंल. येल मांडवावर जाईल, दोडकं लागंल. समदं खरं. आन् पयलाच दोडका कडू निगाला की मग काय, त्यालाबी काजळी लावशील?"

तिनं हात थांबवले. म्हातारा बोलतो कमी, पण बोलतो तेव्हा मुळावर घाव. पाकीट कोनाड्यात गेलं आणि गोजरबाईंच्या परतीला राहिले पाच दिवस.

तिसऱ्या दिवशी निवेदिता माळवदावर कुरडया वाळत घालत होती. तिथून शेजारचं यशोदाकाकूंचं परसू दिसायचं. यशोदाकाकू म्हणजे गोजरबाईंची चुलत जाऊ. दोघींमध्ये एक काटेरी कुंपण आणि बारा वर्षांचा अबोला. कारण काय, तर काकूंनी वाटायला नेलेला पाटा परत आला तो कोपरा उडून. काकू म्हणतात, आधीच उडालेला होता. त्या पाट्यावरून बारा वर्षं! एकमेकींना काही सांगायचं झालं तर दोघी आपापल्या म्हशीला सांगायच्या, मोठ्यानं. निवेदिताला तिकडे पाऊल टाकायची बंदी होती.

तर त्या परसात, कडब्याच्या गंजीमागे, गोठ्याच्या वळचणीला काहीतरी लोंबत होतं. निवेदितानं हातातली कुरडई खाली ठेवली. पाच वाळके दोडके होते. हातभर लांब, देठाशी जरासे वाकडे. दोन वर्षं सोललेले दोडके बाई विसरत नसते. तिनं कुरडया तशाच टाकल्या, आणि कावळ्यांनी त्यातल्या निम्म्या नेल्या ते तिला संध्याकाळी कळलं.

यशोदाकाकूंनी दार उघडलं आणि निवेदिताला बघून त्या दचकल्याच. "तू? हितं? सासूनं बगितलं म्हंजी?"

"आत्या गावाला गेल्यात. विरजण मागायला आले, काकू." आणि मग कसला आडपडदा न ठेवता ती म्हणाली, "तुमच्या गोठ्यात आमचे दोडके लटकतायत."

काकूंचं तोंड पांढरं पडलं. तरी त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचे? नाव लिवलंय काय त्याच्यावर?"

"लिहायला कशाला पाहिजे? मान वाकडी आहे की."

काकूंनी आधी कुंपणाकडे बघितलं, मग तिला हाताला धरून आत ओढलं आणि दार लावलं. "ओरडू नगंस, बाई! आट वर्सं झाली. तुमच्या कुंपनावरनं येल आमच्याकडं आला हुता. त्याला एक वाळका दोडका. म्या काय मुद्दाम न्हाय... हात गेला. चोरलेलं बी चांगलं लागतं म्हनत्यात, तसं लागलंबी. तवापासनं गंजीमागं लावती. भाजी कराया घेतली की दार लावून घेती, वास जाऊ नये म्हनून. पावनं आलं तर सांगती दोडका बाजारचा हाय. आन् तुजी सासू दरसाली म्हशीला सांगती, माजा दोडका चोरनाऱ्याच्या हाताला फोड यील म्हनून. आट वर्सं माज्या जिवाला घोर हाय. आता सांग जा तिला. एकदाचं होऊ दे."

निवेदिता पाटावर बसली आणि म्हणाली, "काकू, मी आमचं सगळं बी जाळलं. मामांच्या अंघोळीला."

काकूंना हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी पदर तोंडात कोंबला. खांदे गदागदा हलायला लागले. "अंगुळीला!" एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या. मग निवेदितालाही हसू आवरेना. चोर आणि जाळणारी, दोघी दार लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"मला थोडं बी द्या," शेवटी निवेदिता म्हणाली. "तुमचं नाव माझ्या तोंडातून जाणार नाही. देवाची शपथ."

"द्यायची न्हाय मी," काकू म्हणाल्या. "दिलं तर उद्या तिच्यापुढं मी दिलं असं हुईल. मी म्हशीला पानी दावाया जाती. वळचनीचा तिसरा दोडका लई भरलेला हाय. मला काय दिसनार न्हाय." आणि त्या खरंच पाठ फिरवून, बादली वाजवत निघून गेल्या.

भवानी पेठेतली सरळमार्गी घरची पोर, आयुष्यात पहिल्यांदा तिनं चोरी केली, आणि सांगायला हरकत नाही, तिला मजा आली.

आता राहिली गोवरी. शेणात हात घालायची वेळ तिच्यावर आजवर आली नव्हती. नाक मुरडत, तोंड फिरवत तिनं शेण मळलं. "राख घाल," बाजेवरून मिटल्या डोळ्यांनी सल्ला आला, "निस्तं शेन भेगाळतं." राख घातली. काळं, चपटं बी त्यात दाबलं, गोळा केला आणि वाशाखाली दणकन थापला. दोनदा पडला, तिसऱ्यांदा चिकटला. पण ओला! हिरवागार ओला. आणि सासू यायला दोनच दिवस. मग तिनं लग्नात मैत्रिणींनी दिलेलं केस वाळवायचं मशीन काढलं, स्टुलावर चढली आणि गोवरीला गार वारा घालत बसली, गरम घातला तर बी मरेल म्हणून. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. अभिमन्यू ड्यूटीवरून आला, त्यानं बायको भिंतीचे केस वाळवताना बघितली आणि काही न विचारता जेवायला बसला. शहाणा नवरा.

गोजरबाई आल्या. पिशवी ठेवायच्या आत त्यांनी घर डोळ्यांनी झाडून घेतलं. चटण्यांच्या बरण्या बघितल्या, शेगडीवरून उतरलेलं फडकं बघितलं, गोवऱ्यांची रिकामी जागा बघितली. मग पडवीत जाऊन वर मान करून उभ्या राहिल्या. बराच वेळ. पण चार दिवस त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि गोजरबाई चार दिवस गप्प म्हणजे घरात म्हशीलाही चारा गोड लागेना.

आकितीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, सकाळ उजाडली. पितरांच्या नावानं पाण्याचे घट ठेवून झाले, आमरसाचे आंबे भिजत घातले, आणि गोजरबाईंनी हाक मारली, "निवेदिता, हिकडं ये."

परसात आळं तयार होतं. गोजरबाईंच्या हातात ती गोवरी होती. त्यांनी ती उलटी केली नाही, फोडली नाही. गोवरीवर थापताना उमटलेला पंजा होता, पाच बोटं स्वच्छ दिसत होती. त्यांनी आपला रुंद, भाकऱ्या थापून पसरट झालेला हात त्यावर ठेवला. खालचा पंजा पुरता झाकून गेला. मग हात उचलून एका बोटाच्या खुणेवर नख टेकवलं. तिथं अंगठीचा गोल खळगा होता.

"म्या अंगठी घालत न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो पंजा कुनाचा?"

निवेदितानं सगळं सांगून टाकलं. गॅस, गोवऱ्या, काठी, फट् फट्, अंघोळ, गुलाबी बिया. रडत सांगितलं. "मला काटकसर करून दाखवायची होती, आत्या. आणि तुमच्या आज्जीचं बी मी जाळलं. मला माफ करू नका."

"मग ह्यात काय हाय?"

"दोडक्याचंच बी आहे. आपलंच."

"कुटनं आनलंस?"

"शपथ घेतलीय," निवेदिता म्हणाली. "हवं तर मला माहेरी पाठवा, पण नाव सांगणार नाही."

गोजरबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं, दोन वर्षांत पहिल्यांदाच बघत असल्यासारखं. मग गोवरी आळ्याच्या काठावर आपटून फोडली. आतून काळं कुळकुळीत बी सांडलं. एक उचलून त्यांनी दातांखाली धरलं, थुंकलं आणि मान हलवली. "यशोदीचं हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला? अगं, म्याच दिलं!" आवाज एकदम खाली आणून, कुंपणाकडे एक डोळा ठेवून त्या बोलायला लागल्या. "त्या साली वाळवीनं निम्मी गोवरी खाल्ली. माजी झोप उडाली. एकाच घरात बी म्हंजी एक उंदीर आला की खेळ खलास. दुसऱ्या घरात असाया पायजे, पर असं घर, जिथं ते टिकंल. तिच्या हाताला गुन हाय, लावती ते जगतं. पर बोलनं बंद. न्यावं तर तोंडावर फेकलं असतं. मग म्याच येल वळवून तिच्या बाजूला टाकला आन् एक दोडका वाळू दिला. तीन दिस लोंबत हुता गं! माजा जीव टांगनीला, ही बया चोरती का न्हाय. चवथ्या दिशी नेला एकदाचा. त्या दिशी म्या देवाला साखर ठिवली."

निवेदिता रडता रडता हसायला लागली. मग तिला काकूंचं लावलेलं दार आठवलं, आठ वर्षांचा घोर आठवला. ती म्हणाली, "मग आता तरी काकूंना सांगूया ना, आत्या. बिचाऱ्या चोरासारख्या राहतात. बी तुम्हीच दिलंय म्हणून सांगूया."

"खुळी का काय!" गोजरबाईंनी तिच्या ओंजळीत बी ओतलं आणि आळ्याकडे बोट दाखवलं. "चोरीचं हाय म्हनून जपती ती. दिलेलं असतं तर पयल्याच साली खाऊन मोकळी झाली असती."